वाफेचा हत्ती सातपुड्यात

१८६७ सालच्या मार्च महिन्यातली संध्याकाळ. औरंगाबादच्या भिंतींवर सरकारी जाहीरनामे लागले आहेत. नानासाहेब पेशव्यांना जिवंत वा मृत हजर करणाऱ्याला इनाम मिळणार आहे. गर्दीतून एक फकीर पुढे होतो, कागदावरचे नाव फाडून काढतो आणि कोणाच्या ध्यानात यायच्या आत निघून जातो. हा फकीर म्हणजे खुद्द नानासाहेब.

इतिहासात असे काही घडलेले नाही. नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले, ते झालेच. हा प्रसंग आहे ज्यूल व्हर्नच्या ‘स्टीम हाउस’ या कादंबरीतला. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या घरचाच झाला, पण १८८० ची ही कादंबरी त्याच्या इतर पुस्तकांच्या मानाने मागेच राहिली. खरे तर ती आपल्या फार जवळची आहे. तिच्यात बँक्स नावाचा इंजिनिअर एक लोखंडी हत्ती घेऊन उत्तर हिंदुस्थानाच्या प्रवासाला निघतो. हत्तीच्या पोटात बॉयलर, सोंड म्हणजे धुराडे, डोळ्यांच्या जागी विजेचे दिवे आणि मागे चाकांवर ओढलेले दोन बंगले. भूतानच्या राजाने हे यंत्र बनवायला सांगितलेले, पण ते ताब्यात घेण्याआधीच तो वारला. तिकडे नानासाहेब सातपुड्यातल्या एका पाड्यावर आसरा घेतात. शेवटी हत्तीच्या बॉयलरमध्ये दाब वाढत जातो, सुटायला वाट राहत नाही आणि सगळे यंत्र फुटते.

सातपुडा, वाफ, बंडखोर पेशवा आणि चालता लोखंडी हत्ती. ज्याला आज जगभर ‘स्टीमपंक’ म्हणतात, त्या कल्पनाविश्वाच्या मुळाशी असलेल्या पुस्तकांपैकी एकात आपला डोंगर आहे. म्हणूनच वाफेवर चालणाऱ्या अद्भुत जगातला टेबलावरचा भूमिकाखेळ सुरू करायचा असेल, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलांना इंग्रजी पुस्तकांतल्या शहरांकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही.

आधी या खेळाची ओळख करून घेऊ. चार-पाच जण एका टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो, बाकीचे आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे यश-अपयश दोन्ही शक्य असते तिथे फासे पडतात. सोंगट्या पुढे सरकवून कोणी जिंकत नाही. खेळ संपतो तेव्हा हातात उरते सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापले, तेव्हापासून हा प्रकार पुस्तकरूपाने मिळू लागला. पण रात्रभर सोंगे घेऊन, प्रसंग ऐनवेळी वाढवत नेणाऱ्या सोंगाड्या पार्ट्या ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा खेळ समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

वाफेच्या जगांची परंपराही आता बरीच जुनी आहे. फ्रँक चॅडविकचा ‘स्पेस: १८८९’ हा खेळ १९८८ साली आला. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातले युरोपीय लोक थेट मंगळावर जाऊन वसाहती करतात. १९९४ साली माइक पाँडस्मिथने ‘कॅसल फाल्केनस्टाइन’ काढले. त्याची गंमत अशी की, त्यात फासे नाहीतच, पत्त्यांचा कॅट वापरतात. २००२ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी नव्या जगासाठी स्पर्धा घेतली, सुमारे ११ हजार प्रस्ताव आले आणि कीथ बेकर याचे ‘एबेरॉन’ निवडले गेले. ते २००४ साली छापून आले. तिथल्या आगगाड्या कोळशावर नव्हे, बांधून ठेवलेल्या भूतशक्तींवर धावतात.

या सगळ्यांत वाफेशी सर्वांत इमानदार जग म्हणजे ‘आयर्न किंगडम्स’. प्रायव्हेटिअर प्रेस या कंपनीने २००१ साली ‘द लाँगेस्ट नाइट’ हे साहस छापून त्याची सुरुवात केली. कॉर्व्हिस नावाचे नदीकाठचे शहर, धूर, दलदल, कारखाने आणि ‘स्टीमजॅक’. हा स्टीमजॅक म्हणजे दीड-दोन पुरुष उंचीचे लोखंडी धूड. पाठीवर बॉयलर, पोटात कोळसा आणि डोक्यात मंत्राने घडवलेला मेंदू. ते गोदीत ओझी वाहते, लढाईत कुऱ्हाड चालवते, आणि कोळसा-पाणी संपले की जागच्या जागी थिजते. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. अद्भुत जगात जादू फुकट मिळाली की गोष्ट सैल पडते. आयर्न किंगडम्समध्ये प्रत्येक शक्तीला इंधन लागते, ते कोणीतरी वाहून आणावे लागते, आणि आणणाऱ्याचे हात काळे होतात.

तरीही नव्या माणसाने आयर्न किंगडम्सपासून सुरुवात करू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१२ च्या त्याच्या मुख्य पुस्तकाची पाने तीनशेहून अधिक आहेत, आणि २०२१ ची आवृत्ती खेळायला डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम आधी यावे लागतात. ते नियम २०२३ च्या जानेवारीपासून मुक्त परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत हे खरे, पण फुकट असले तरी ते शेकडो पानांचे आहेत. त्यापेक्षा जॉन हार्पर या अमेरिकन रचनाकाराचे दोन खेळ पाहावेत. ‘लेडी ब्लॅकबर्ड’ हा २००९ सालचा खेळ पंधरा-सोळा पानांचा आहे आणि फुकट मिळतो. पात्रे तयार आहेत, उडते जहाज तयार आहे, आणि पहिल्याच पानावर पाठलाग होऊन पात्रे पकडलीही गेलेली आहेत. दुसरा ‘ब्लेड्स इन द डार्क’, २०१७ चा. तो पूर्ण पुस्तकाचा असला तरी त्याचे मूळ नियम मोकळे आहेत, आणि त्यातल्या दोन युक्त्या उचलल्या की कुठल्याही गावात खेळ उभा राहतो.

पहिली युक्ती फाशांची. लुडोचे साधे सहा बाजूंचे फासे घ्यायचे. पात्राला जे काम जितके चांगले येते तितके फासे टाकायचे आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहायचा. सहा आले तर काम फत्ते. चार किंवा पाच आले तर काम होते, पण काहीतरी किंमत मोजावी लागते. एक ते तीन आले तर डाव उलटतो. मधला निकाल हाच या खेळाचा जीव आहे. ‘झाले, पण...’ या ‘पण’मधून पुढचा प्रसंग जन्माला येतो.

दुसरी युक्ती घड्याळाची. संकट जवळ येत असेल तर कागदावर भाकरीसारखे वर्तुळ काढायचे, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट एक पाऊल पुढे आले की एक भाग रंगवायचा. सगळे वर्तुळ भरले की संकट कोसळते. वाफेच्या जगासाठी याहून चपखल साधन नाही, कारण बॉयलरवरचा दाबमापक काटा नेमके हेच सांगत असतो.

आता जग. ते विकत आणायचे नाही, इथलेच घ्यायचे.

नंदुरबारमधून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे ही मुळात तापी व्हॅली रेल्वे. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली सुरतेपासून अमळनेरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा हा ब्रॉडगेज रूळ १८९८ ते १९०० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. व्हर्नचा हत्ती कागदावर येऊन वीस वर्षे झाली होती, तेव्हा खरे वाफेचे इंजिन सातपुड्याच्या पायथ्याशी शिट्टी देऊ लागले. मुंबईहून ठाण्याला जाणारी पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली, तिला सिंध, सुलतान आणि साहिब नावाची तीन इंजिने होती. त्या काळी इंजिनांना नावे होती. खेळातही प्रत्येक इंजिनाला नाव आणि स्वभाव द्यावा. एखादे चढावर रुसते, एखाद्याला ठरावीक विहिरीचेच पाणी मानवते. एवढ्याने यंत्र पात्र बनते.

याच मार्गावर नवापूर आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि नवी सीमा आधीच बांधलेल्या नवापूर स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या. गाड्यांच्या घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. कल्पित जग रचणारे लेखक असे ठिकाण सुचावे म्हणून डोके खाजवत बसतात. इथे ते रोज चालू आहे.

समजा, पहिला डाव याच स्टेशनावर मांडला. साल कुठलेही नाही. रूळ आहेत, पण दोन राज्यांच्या मधले. फलाटाच्या या टोकाला एका राजाचा कायदा, त्या टोकाला दुसऱ्याचा. चार पात्रे: अक्कलकुव्याकडचा एक पोरगा, इंजिनावर कोळसा मारणारा फायरमन. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवणारी आणि आता स्वतः व्यापार करणारी बाई. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणारा एक म्हातारा, ज्याचा धंदा आगगाडीने बुडवत आणला आहे. आणि चौथी तारघरातली मुलगी, जिला तारेतून अधूनमधून माणसाने न पाठवलेले निरोपही ऐकू येतात.

रात्री दहाची वेळ. ‘भवानी’ नावाचे इंजिन फलाटाला लागले आहे. त्याच्या मागच्या डब्यात घोडेवाल्याच्या नातवाला डांबून नेत आहेत. गाडी सीमा ओलांडून त्या टोकाला गेली की हातात काही उरणार नाही. सूत्रधार कागदावर सहा भागांचे वर्तुळ काढतो आणि शेजारी लिहितो: गाडी सुटते.

फायरमन म्हणतो, मी इंजिनात शिरून वाफ सोडून देतो, म्हणजे गाडी हलणारच नाही. हे काम त्याला चांगले येते, म्हणून तीन फासे. पडतात दोन, तीन आणि पाच. काम झाले, पण. सूत्रधार विचारतो, “वाफ सुटली तर आवाज होईल की नाही?” होणारच. साऱ्या फलाटावर पांढरा लोट पसरतो, पहारेकरी धावत येतात, वर्तुळाचे दोन भाग रंगतात. मिरचीवाली आपले पोते फोडते. तिचा एकच फासा आणि त्यावर सहा. वाफेत मिरचीचा खकाणा मिसळतो आणि पहारेकऱ्यांना डोळे उघडता येत नाहीत. म्हातारा अंधारात अहिराणीत हाक मारतो, “कथा जाई राहिना रे भो?” आणि डब्यातून नातवाचा आवाज येतो. तेवढ्यात तारघरात यंत्र आपोआप टिकटिकायला लागते.

इथे थांबावे. पहिल्या बैठकीला इतके पुरते. पुढच्या वेळी सगळे विचारतील, तारेवर कोण होते? सूत्रधाराला ते अजून माहीत नसले तरी चालते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. फायरमनने वाफ सोडली तेव्हा गाडी का हलत नाही, हे खेळणाऱ्यांना कळले तर प्रसंगाला वजन येते. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाखाली ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. बॉयलर तिला ती जागा देत नाही, म्हणून ती दट्ट्या ढकलते. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो आणि जादा वाफ बाहेर टाकतो. तो कोणी बांधून ठेवला, तर व्हर्नच्या हत्तीचे झाले तेच होते. असे अपघात होऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९२३ साली देशभरासाठी बॉयलरचा कायदा झाला. बॉयलर सांभाळणाऱ्याला परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो.

आणि हे पाहायला संग्रहालयातच जावे लागते असे नाही. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचे सुंदर संग्रहालय आहे, जमल्यास जरूर जावे. पण नंदुरबार जिल्ह्यातही वाफ राबते. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि नवापूर तालुक्यात डोकाऱ्याचा आदिवासी सहकारी साखर कारखाना, हे दोन्ही वाफेच्या तत्त्वावर उभे. उसाचा रस निघाला की उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरते, आणि तिथून बाहेर पडलेली वाफ वाया न जाता रस आटवायला जाते. म्हणजे ऊस स्वतःच्या चिपाडावर स्वतःची साखर करतो. साखर कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. यंत्राची पूजा करून त्याला जागे करणारे हे जग कुठल्याही इंग्रजी पुस्तकातल्या मंत्रलेल्या लोखंडापेक्षा अधिक खरे आहे. परवानगी काढून एकदा बॉयलर हाऊस पाहून यावे. ती धग आणि तो आवाज अनुभवलेला सूत्रधार वर्णन करताना शब्द शोधत बसत नाही.

अद्भुताचाही तोटा नाही. धडगाव तालुक्यातला अस्तंभा डोंगर १,३२५ मीटर उंच आहे. ऐन दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो भाविक तो चढून जातात, कारण तिथे अश्वत्थामा आहे अशी श्रद्धा आहे. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो आजही सातपुड्यात तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे सांगतात. वाफेच्या जगात तेल मागणारा एक अमर योद्धा! इंजिनाच्या सांध्यांना जे तेल लागते, तेच त्याच्या जखमेला. शेवटचा डबा उरला असेल तर तो कोणाला द्यायचा? या एका प्रश्नावर चार बैठका सहज रंगतील.

मात्र इथेच मर्यादाही सांगायला हवी. अश्वत्थाम्याला भेटवावे, त्याला मारायच्या राक्षसांत जमा करू नये. याहामोगी, राजा पांठा, गांडा ठाकूर ही आदिवासींची जिवंत दैवते आहेत. काठी गावच्या राजवाडी होळीत कमरेला दुधी भोपळे बांधून, अंगावर राखेची नक्षी काढून नाचणारे बुध्या आणि बावा कडक पाळणी पाळून नवस फेडत असतात. त्यांचा पेहराव चित्रात फार आकर्षक दिसतो म्हणून तो उचलून पात्राच्या अंगावर चढवणे बरोबर नाही. ज्यांची ही परंपरा आहे ती मुले टेबलाशी असतील आणि त्यांनी स्वतःहून काही आणले, तर गोष्ट वेगळी.

वाफेच्या बहुतेक इंग्रजी खेळांत एक जुनी खोट आहे. गाडी जिथून सुटते तिथे खेळणारे बसतात, आणि जिथे जाऊन पोहोचते तिथले लोक ‘रानटी’ ठरतात. मंगळावर वसाहत करणाऱ्या खेळात तर हे उघडच आहे. नंदुरबारमध्ये बसून तीच भूमिका घेण्याचे काहीच कारण नाही. सागाची जंगले कोणाची होती, आणि ती कोणत्या कराराने गेली? शेजारच्या डांगातल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४० च्या दशकातच साग भाडेपट्ट्याने घेतला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांत शिरणे हाच गुन्हा झाला. त्याआधी, १८५७ च्या नोव्हेंबरात, सेंधवा घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाने सरकारी खजिन्यावर हात टाकला होता, आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला सातपुड्यातल्या भिल्लांनी कंपनीच्या फौजेशी लढाई दिली होती. व्हर्नने सातपुड्यात पेशवा लपवला. खाज्या नाईक त्याला बहुधा ठाऊक नसावा. आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा आपल्या खेळात लोखंडी हत्ती जंगलात शिरतो ते दृश्य हौद्यातून नव्हे, झाडामागून पाहता येते. हीच या जिल्ह्याची या खेळाला देणगी ठरू शकते, आणि ती दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

भाषेचेही तसेच. पुस्तक इंग्रजीत असेल, खेळ इंग्रजीत असायची सक्ती नाही. सूत्रधाराने नियम मराठीत एका पानावर उतरवावेत आणि पात्रांना ज्याच्या त्याच्या बोलीत बोलू द्यावे. अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजराती अशा बोली नंदुरबारच्या एकाच वर्गात सापडतात. एक पात्र दुसऱ्याचे बोलणे अर्धेच समजते, ही अडचण नसून गोष्टीची संधी आहे. नवापूरच्या फलाटावर चार भाषांत घोषणा होते, तर आपल्या गोष्टीत का होऊ नये?

वेळेचा विचार मात्र आधीच करावा. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. त्यात शिकणारी मुलेही असतात. ज्या शाळेत, वसतिगृहात किंवा वाचनालयात हा खेळ सुरू होईल, तिथे त्यांच्या पात्रांचे कागद जपून ठेवावेत आणि त्यांच्या गैरहजेरीत ती पात्रे कोणी मारू नयेत. गोष्टीत त्यांना लांबच्या गाडीवर पाठवावे. मुले परत आली की त्यांनी काय पाहिले ते तीच सांगतील.

सामान फार लागत नाही. लुडोचे सहा-सात फासे, पेन्सिली, पाठकोरे कागद आणि जिल्ह्याचा एक मोठा नकाशा. एक सूत्रधार आणि तीन ते पाच खेळाडू. बैठक दोन-अडीच तासांच्या वर नेऊ नये. सूत्रधाराने पूर्ण कथा लिहून आणू नये. तीन ठिकाणे, तीन माणसे आणि एक भरत जाणारे वर्तुळ, एवढी तयारी पुरे. पहिली बैठक अडखळेल, दुसऱ्या बैठकीत कोणीतरी ठरलेले सगळे मोडून टाकेल, आणि तिथून खेळ खरा सुरू होईल.

शाळांना सुट्ट्या लागल्या की ही संधी साधावी. ज्यांच्या घरी दहा ते सोळा वर्षांची मुले आहेत त्यांनी त्यांना नकाशा आणि फासे द्यावेत, आणि जमल्यास पहिल्या बैठकीला सूत्रधार म्हणून स्वतः बसावे. सुरुवात नवापूर स्टेशनावरून करा.